दुसऱ्या जागेवरचं फोल्डर

“मॅडम, दोनच शब्द लिहायचे आहेत. यूजर एरर. खाली सही. एवढ्याला किती वेळ लागतो?”

निखिल साठे सर माझ्या टेबलापाशी उभे होते. हातात छापलेला फॉर्म आणि पेन. पेनचं टोपणही त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि फॉर्मवर ठेवून दिलं.

“लिहिणार नाही,” मी म्हणाले.

“का?”

“कारण ते खोटं आहे.”

बेंगळुरूजवळ होसकोटेच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा कारखाना आहे. पंपांचे सुटे भाग बनतात. मी तिथे डेस्कटॉप सपोर्टला आहे. म्हणजे कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाची स्क्रीन उलटी झाली की ज्या बाईला फोन जातो, ती मी. साठे सर आमचे नवे आयटी हेड. पुण्याहून आलेले, राहायला मारतहळ्ळीला. माणूस हुशार, कामाला वाघ, पण घाई फार. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “तुमचं मराठी क्यूट आहे हं.” आमचं घराणं किती पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे हे आम्हालाही मोजता येत नाही. घरात आम्ही मराठीच बोलतो, त्यात कन्नड मिसळतं, आणि ते क्यूट वगैरे नसतं. पण तो राग वेगळा. या फॉर्मशी त्याचा संबंध नाही.

फॉर्म होता राणोजी अण्णांबद्दल.

राणोजी अण्णा आमच्याकडे इन्स्पेक्टर. तयार झालेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही हे मोजून बघायचं आणि बरोबर असेल तर कागदावर आपला शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतःच्या नंबरचा छोटा रबरी शिक्का असतो. अण्णांचा नंबर सात. गोल रिंगण, आत सातचा आकडा. तो शिक्का ते शर्टाच्या खिशात ठेवतात, जेवताना काढून डब्याच्या झाकणावर ठेवतात आणि पुन्हा खिशात घालतात. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. आणि आदल्या दिवशी तो शिक्का त्यांच्याकडून काढून घेण्यात आला होता. मी दोन शब्द लिहिले की तो कायमचा जाणार आणि अण्णा पॅकिंगला, खोक्यांना पट्ट्या मारायला.

झालं होतं असं. पंपाच्या एका झाकणाला चार भोकं असतात. गिऱ्हाइकाने ती भोकं किंचित मोठी करून मागितली होती. नवं ड्रॉइंग आलं. मशीनवर भोकं मात्र जुन्याच मापाची पडली, आणि अण्णांनी ती जुन्या ड्रॉइंगवर मोजून अख्खा लॉट पास केला. तिकडे बोल्ट आत जाईनात. लॉट परत आला.

आता अण्णांनी जुनं ड्रॉइंग उघडलंच कसं, हे सांगायला थोडं कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. तुम्ही कुठलंही फोल्डर उघडलंत की डाव्या बाजूला एक उभी पट्टी दिसते. तिला साइडबार म्हणतात. रोज लागणारी फोल्डर्स तिथे पिन करून ठेवता येतात, म्हणजे दर वेळी आत आत शोधत जावं लागत नाही. माउसने धरून ती वरखालीही करता येतात. बहुतेक लोकांना हे माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांचा दिवसातला बराच वेळ वाचतो.

काही वर्षांपूर्वी इन्स्पेक्शनच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, तेव्हा अण्णा त्याला हात लावायला तयार नव्हते. “कागद दे ग रत्ना, या डब्यात मला काही सापडत नाही,” म्हणायचे. त्यांच्या टेबलामागे एक लोखंडी रॅक आहे. सगळ्यात वर नवा आलेला माल, दुसऱ्या खणात आज तपासायचा, तिसऱ्यात पास झालेला, अगदी खाली बाद झालेला. अण्णा मागे न बघता हात घालून बरोबर खणातला भाग काढतात. मी त्यांच्या साइडबारमध्ये तोच क्रम लावून दिला. वर इनकमिंग, म्हणजे नवीन आलेली ड्रॉइंग्ज. दुसऱ्या जागी करंट, म्हणजे आज लागू असलेली. मग अप्रूव्हड. तळाशी अर्काइव्ह, म्हणजे रद्द झालेली जुनी.

“दुसरा खण म्हणजे करंट,” मी म्हणाले.

“सरी,” अण्णा म्हणाले. म्हणजे, ठीक. “एवढंच होतं तर आधी सांगायचं.” त्या दिवसापासून त्यांची तक्रार नाही.

मग साठे सर आले. त्यांनी पाहिलं की प्रत्येक मशीनवर साइडबार वेगळा. एखादा माणूस रजेवर गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसला, की त्याला काही सापडत नाही आणि फोन आमच्याकडे येतो. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप करायच्या कामांची चिठ्ठी. रोज सकाळी लॉगिन केलं की ती चिठ्ठी साइडबार पुसायची आणि कंपनीभर एकच ठरलेली यादी लावायची. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. तुम्ही बदललंत तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या क्रमाने पहिलं येतं अप्रूव्हड. आणि दुसरं येतं अर्काइव्ह.

आमच्याकडे ड्रॉइंगच्या फाइलला फक्त नंबर असतो. नवं ड्रॉइंग आलं की तोच नंबर घेऊन ते करंटमध्ये जातं आणि जुनं त्याच नावाने अर्काइव्हमध्ये. फरक फक्त आत, उजव्या खालच्या कोपऱ्यात, एका अक्षराचा. अण्णांनी सवयीने दुसऱ्या जागेवर क्लिक केलं. समोर आलं ते कित्येक वर्षं पाहिलेलं, ओळखीचं झाकण. नवं असतं तर कदाचित जरा थबकले असते.

“सगळ्यांना मेल गेला होता,” साठे सर म्हणाले. “विथ स्क्रीनशॉट्स. वाचला नाही, त्याला मी काय करू?”

“सर, खाली शॉप फ्लोअरवर, मशीनवर काम करणाऱ्या कुणालाच मेल आयडी नाही.”

ते गप्प झाले. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण पुण्याचा माणूस. गप्प राहण्याची वेळ फार मोठी नसते. “ठीक आहे. पण स्क्रीनवर नाव लिहिलेलं असतं ना? माणसाने नाव वाचून क्लिक करायचं असतं. दॅट इज बेसिक.”

दुपारी मी अण्णांकडे गेले. ते टेबलाशी नुसते बसले होते. मोजायचं कॅलिपर पुसून पेटीत ठेवलेलं. दर थोड्या वेळाने हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

“अण्णा, मी काही लिहून देणार नाही.”

“दे ग. कोपरा मी बघायलाच पाहिजे होता. चुकलंच माझं.”

“तुमचं चुकलं. पण तुमचं एकट्याचं नाही.”

“स्वल्प ऐक माझं. तुझी नोकरी अजून खूप राहिलीये. माझी संपत आली. भांडू नको.”

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. अण्णांवर नाही, माझ्या स्वतःवर. कारण अण्णांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. ही स्क्रिप्ट सुरू करण्याआधी टेस्ट करायची जबाबदारी माझी होती. मी ऑफिसमधल्या दोन मशीनवर चालवून बघितली, दोन्हीकडे चालली, आणि “नो इश्यू” लिहून सही ठोकली. शॉप फ्लोअरवर उतरायला जिना होता आणि तो मी उतरले नाही. अण्णांचा क्रम मीच लावून दिला होता आणि मीच विसरले. खापर मात्र फुटत होतं अण्णांच्या डोक्यावर, आणि ते फोडायला साठे सर हातोडी मागत होते माझ्याचकडे.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेड मंजुनाथ सरांच्या केबिनमध्ये मीटिंग लागली. मंजुनाथ सर मूळचे इथलेच. माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, साठे सरांशी हिंदी-इंग्रजीत. त्या दिवशी तिन्ही भाषा चालल्या. इथे मी मराठीत लिहिते आहे.

मी माझा रिपोर्ट पुढे ठेवला. त्यात चार ओळी होत्या. यादीचा क्रम वापरणाऱ्यांना न विचारता बदलला. बदलाची सूचना शॉप फ्लोअरला पोचली नाही. टेस्ट अपुरी झाली, ती मी केली होती. इन्स्पेक्टरने कोपऱ्यातलं अक्षर तपासलं नाही. या क्रमाने.

साठे सरांनी तिसरी ओळ दोनदा वाचली. “मॅडम, हे लिहिलंत तर मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल.”

“द्या.”

“तुम्ही सीरियस आहात?”

“मेमो द्या सर. पण चौथी ओळ एकटी पाठवायला मी सही करणार नाही. पाठवायच्या तर चारही.”

मंजुनाथ सर खुर्चीत मागे रेलले. “रत्ना, एक सांग. साठे म्हणतात माणसाने नाव वाचावं. त्यात चूक काय?”

उत्तर माझ्याकडे होतं. घरच्या फळीवर मिठाचा डबा कुणी हलवला तर मी आमटीत साखर घालेन, हे मला सांगायचं होतं. पण बाईने स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं की मीटिंगमधले पुरुष कौतुकाने हसतात आणि मुद्दा तिथेच मरतो. म्हणून मी दुसरं सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी ती स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून वाचली होती. वरच्याच भागात एक छोटी यादी होती. या लॅपटॉपना वगळा, अशी. त्यात पहिला लॅपटॉप साठे सरांचा होता. दुसरा मंजुनाथ सरांचा.

“सर, नियम इतका चांगला आहे तर तुम्हा दोघांना का नाही?”

साठे सरांचे कान लाल झाले. “मॅनेजर्सना डिस्टर्ब करायचं नव्हतं. स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे ती.”

“म्हणजे क्रम बदलला की डिस्टर्ब होतं, हे तुम्हाला माहीत होतं.”

 मी आणखी थोडी पुढे गेले. आता मागे फिरून काही उरणार नव्हतं. “ती वगळायची यादी काढा. दोन दिवस तुमच्या दोघांच्या लॅपटॉपवरही हाच साइडबार राहू द्या. दोन दिवसांत एकही चुकीचा क्लिक झाला नाही, तर मी तुम्हाला हवं ते लिहून देते.”

“मला काहीच प्रॉब्लेम नाही,” साठे सर ताबडतोब म्हणाले. “मी नाव वाचतो.”

मंजुनाथ सर हसले. “नोडोणा,” म्हणाले. म्हणजे, बघू या.

बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय करून बसले आहे. साठे सर तसे पक्के. ते खरंच नाव वाचतील. शिक्का परत मिळवायला गेलेली मी, तो घालवण्याची तारीख ठरवून आले होते. अण्णांना मी हे सांगितलंच नाही. तोंडच नव्हतं.

पहिला दिवस गेला. साठे सर येता-जाता माझ्याकडे बघून अंगठा वर करायचे. शून्य चुका. दुसऱ्या दिवशीही शून्य. आयटीतला माणूस, आणि पैज लागलेली. तो सावध राहणारच.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकाल होता. मी बनशंकरीला, देवळाजवळच्या आमच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत उभी. हा स्टॉप आमच्या रूटवर याच महिन्यात आला होता. सोबत पॅकिंगमधल्या दोघीजणी. बसची वेळ झाली. गेली. वीस मिनिटं गेली. ड्रायव्हरला फोन लावला तर तो म्हणाला, “अक्का, मी तर सिल्क बोर्डच्या पुढे आलो.” का म्हणून विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला. आम्ही तिघींनी दोन सिटी बस बदलल्या आणि होसकोटेला पोचलो तेव्हा मीटिंग सुरू होऊन गेली होती. मी घामाघूम केबिनमध्ये शिरले.

“लेट, मॅडम,” साठे सर म्हणाले. वाईट बोलले नाहीत, पण खूश होते. “दोन दिवस, एकही चूक नाही. आय रेस्ट माय केस.” आणि तोच फॉर्म पुन्हा माझ्यासमोर सरकवला.

मी खुर्चीत बसले.  शब्द दिला होता. पेन उचललं.

“थांब,” मंजुनाथ सर म्हणाले. “तुला उशीर का झाला?”

“बस आली नाही, सर.”

“का आली नाही?”

“मला काय माहीत? ड्रायव्हरला विचारा.”

“विचारलं मी. त्याच्या हातातल्या कागदावर बनशंकरी नाही.”

मला काही कळेना. मंजुनाथ सरांनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. बसच्या रूटचा कागद दर आठवड्याला तेच मंजूर करून गेटवर पाठवतात. चालू कागद एका फोल्डरमध्ये, मागच्या महिन्यांचे अर्काइव्हमध्ये. त्यांच्या जुन्या साइडबारमध्ये चालू कागदांचं फोल्डर दुसऱ्या जागेवर होतं, नव्या क्रमात तिथे अर्काइव्ह आलं होतं. त्यांनी पाठवलेली मेल उघडून दाखवली. आदल्या संध्याकाळची. सोबत मागच्या महिन्याचा कागद, दुसऱ्या जागेवरच्या फोल्डरमधून उचललेला.

“पण तुम्ही नाव वाचलं नाही का, सर?” साठे सरांनी विचारलं.

मंजुनाथ सरांनी चष्मा काढला. “वाचलं, असं मला आत्ता सकाळपर्यंत वाटत होतं.”

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. ड्रायव्हरवर ढकलून मोकळे झाले असते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बॉस लोकांबद्दल चांगलं लिहायची वेळ मला फारशी येत नाही.

“मला इशारा मिळालेला होता,” ते पुढे म्हणाले. “पैज लागलेली होती. तरी मी दुसऱ्या जागेवर क्लिक केलं. राणोजीला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं.”

त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला.

साठे सरांनी ती मेल पुन्हा वाचली. मग त्यांनी फॉर्म उचलला आणि घडी करून खिशात घातला. मला म्हणाले, “मग करायचं काय? प्रत्येकाचं वेगळं ठेवलं तर रजेवर गेलेल्याचा प्रश्न तसाच राहतो.”

खरा प्रश्न होता. पहिल्यांदाच त्यांनी मला प्रश्न विचारला होता, उत्तर सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं त्या दिवशी खाली उतरलो आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारलं, तुमचा हात कुठे जातो. माणसाप्रमाणे नाही, टेबलाप्रमाणे क्रम लावला. स्क्रिप्ट साठे सरांनी स्वतः बदलली, जेवणाच्या सुट्टीआधी. आता इन्स्पेक्शनच्या टेबलावर कुणीही बसलं तरी त्याला रॅकचाच क्रम दिसतो. आणि जुन्या ड्रॉइंगवर आडवं, लाल अक्षरात “रद्द” आलं. ते आधीच यायला हवं होतं. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

शिक्का द्यायला मंजुनाथ सर स्वतः आले. अण्णांनी तो घेतला, उलटा करून रबर बघितलं, रद्दी कागदावर एकदा मारला. गोल रिंगण, आत सात. मग खिशात ठेवला आणि खिशावर हात तसाच राहिला.

“भांडलीसच ना शेवटी?” मला म्हणाले.

“भांडले.”

“सरी,” म्हणाले, आणि कॅलिपर पेटीतून काढलं. त्या दिवसापासून ते प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं अक्षर मोठ्याने वाचतात. शेजारच्या टेबलावरचे वैतागतात. अण्णा थांबत नाहीत.

मेमो मला मिळाला. साठे सरांनी तो शब्दाप्रमाणे दिला आणि सही करताना माझ्याकडे बघितलं नाही. अपुऱ्या टेस्टवर “नो इश्यू” लिहिल्याबद्दल लेखी ताकीद. योग्यच होता. तरी चिडले. तो माझ्या फाइलमध्ये कायम राहील आणि पुढच्या प्रमोशनच्या वेळी कुणीतरी तो बाहेर काढेलच. काढू दे. सोबतच्या चार ओळीही वाचाव्या लागतील.

मेमोची स्कॅन केलेली प्रत मी एका फोल्डरमध्ये ठेवली आहे. फोल्डरचं नाव “जिना उतरणे.” माझ्या साइडबारमध्ये ते पिन केलेलं आहे, दुसऱ्या जागेवर. माझा हात तिथे जातो.